कंठ फुटतो तेव्हा

आमच्या शाळेत मुलांचे गाण्याचे पथक होते. वर्षातून एकदा शनिवार-रविवार आम्ही त्यांना देहूजवळच्या भंडारा डोंगरावर नेत असू. तुकोबाराय चिंतनाला बसत, तोच हा डोंगर. शाळेत घंटा होते आणि गाणे अर्धेच राहते. इथे घंटा नाही. पहाटे सगळे मिळून एकच सूर धरायचा. आपला नव्हे, शेजाऱ्याचा आवाज ऐकायचा.

एका वर्षी चौदा वर्षांच्या एका पोराचा आवाज मध्येच चिरकला. पोरे हसली. त्याने वळकटी बांधली. "गुरुजी, माझा गळा गेला," म्हणाला.

गळा कुठे जातो, मंडळी? साधारण बारा ते पंधरा वर्षांत मुलाचे स्वरयंत्र वाढते, कंठमणी पुढे येतो, आवाज खाली उतरतो. यालाच आपण कंठ फुटला म्हणतो. काही महिने आवाज ताब्यात राहत नाही. हा आजार नव्हे. तेव्हा मात्र ताणून गाऊ नये. घरच्यांनी नक्कल करू नये, तीच जास्त लागते.

आम्ही त्याच्या हाती टाळ दिले. म्हटले, खालच्या सुरात जमेल तेवढे गा. रविवारी डोंगर उतरताना तो हळू गात होता. टाळ काही त्याने परत दिले नाहीत.