कवडशापासून कॅमेऱ्यापर्यंत



सप्तापुरातील जुन्या कौलारू घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना कवडसा अपरिचित असणे शक्य नाही. भर दुपारी कौलांच्या फटीतून ऊन आत उतरते आणि जमिनीवर रुपयाएवढे गोल ठिपके उमटतात. फट वेडीवाकडी असली तरी ठिपका गोलच असतो, याचे नवल मात्र क्वचितच कोणी करतो. वस्तुतः ते फटीचे रूप नसते; ते सूर्यबिंबाचे प्रतिबिंब असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच ठिपके कोरीसारखे होतात, हा त्याचा पुरावा. लहानसे छिद्र, अंधारी खोली आणि प्रतिमा झेलणारी भुई, एवढ्या तीन गोष्टींत कॅमेऱ्याचे सारे तत्त्व सामावले आहे. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थही दालन असाच आहे.

कवडसा पाहता येतो, पण ठेवता येत नाही. तो ठेवण्याची विद्या म्हणजे छायाचित्रण.

ही विद्या धारवाडकडे फार लवकर आली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. इ. स. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ तिच्या कार्यात सहभागी झाले. १८५५ मध्ये कंपनी सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्यास नेमले. त्यांच्यानंतर हे काम वैद्यकीय सेवेतील डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आले आणि गदग-लक्कुंडीकडील देवळे कॅमेऱ्यात आली. बिग्ज यांची निगेटिव्ह काचेवर नव्हती, कागदावर होती. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेला तो कागद इतका मंद असे की, भर उन्हातही प्रकाश कित्येक मिनिटे आत घ्यावा लागे. देऊळ स्थिर राही. वाटेने जाणारा माणूस मात्र चित्रात उमटतच नसे.

नवशिक्याने समजून घेण्याचे तीन धडे या एकाच प्रसंगात आहेत.

पहिला धडा छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा. भिंगामागील हे छिद्र लहानमोठे करता येते. त्याचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तेव्हा छिद्र लहान, हा उलटा हिशोब नवशिक्याला गोंधळात टाकतो. त्याचे कारण साधे आहे : भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल, तर आकडा २. लहान छिद्राने जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते. मोठ्या छिद्राने चेहरा स्पष्ट राहतो व मागचे दृश्य विरघळते.

दुसरा धडा वेळेचा, म्हणजे शटरचा. कारहुणवीला उधळलेला बैल थांबवायचा तर सेकंदाचा ५०० वा भाग हवा. संथ पावसाच्या रेघा दाखवायच्या तर ३० वा भाग शोभतो. पण तेव्हा हात कापता कामा नये.

तिसरा धडा पृष्ठभागाच्या तरतरीतपणाचा. यालाच आयएसओ म्हणतात. बिग्ज यांचा कागद सुस्त होता. नंतर १०० आणि ४०० आयएसओची फिल्म आली. आज कॅमेऱ्यातील सेन्सरचा आयएसओ हवा तसा वाढवता येतो. मात्र तो फार वाढवला की चित्र खरखरीत होते.

हे तिघे एकमेकांना सांभाळून घेतात. छिद्र ८ व वेळ १/१२५ यांनी जितका प्रकाश मिळतो, तितकाच छिद्र ४ व वेळ १/५०० यांनी मिळतो. प्रकाश तोच, चित्र मात्र निराळे. कोणते घ्यावयाचे, हे यंत्र सांगू शकत नाही. ते माणसाने ठरवायचे असते.

यंत्राची एक भाबडी समजूतही ध्यानी ठेवावी. प्रकाशमापकाला सारे जग सरासरी राखाडी वाटते. लक्कुंडीचा काळसर खांब तो उगाच उजळवतो आणि आजोबांचे शुभ्र धोतर मळकट करतो. म्हणून पांढऱ्यासाठी प्रकाश थोडा वाढवावा, काळ्यासाठी थोडा घटवावा. आजच्या मोबाइलमध्येही चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड कमी-अधिक करण्याची सोय असते. उंबऱ्याशी बसलेल्या आजीचा चेहरा काळाठिक्कर येतो तो मोबाइलच्या दोषाने नव्हे. मागे अंगणातले ऊन असते म्हणून. आजीला कुशीवर वळवून उजेड एका बाजूने गालावर घ्यावा; सुरकुत्यांना बोलू द्यावे.

इतके साधले म्हणजे छायाचित्र चांगले येईल. ते टिकेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि ग्रंथालयाच्या दृष्टीने तोच मोठा आहे. १८६६ मध्ये लंडनला धारवाड व म्हैसूर प्रांतांतील वास्तुकलेचा छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर पिगू यांच्या नावामागे ‘दिवंगत’ हा शब्द होता. ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु ग्रंथात गावांची नावे होती, घेणाऱ्यांची नावे होती आणि ग्रंथ संग्रहालयांत पोहोचला होता. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षांनंतरही एखाद्या देवळाचा कोसळलेला कोपरा पूर्वी कसा होता, हे सांगणारा साक्षीदार मिळू शकतो.

घराघरांतल्या ट्रंकांमध्ये मात्र असंख्य चेहरे निनावी पडून आहेत. ते ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की, ती केवळ कागदाची पाने उरतात. म्हणून छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहावे. चिकट पानांचे आल्बम टाळावेत. धारवाडच्या पावसाळी दमटपणापासून चित्रे उंच, कोरड्या जागी ठेवावीत. मोबाइलमधील चित्रांची निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी आणि निवडक चित्रे कागदावर उतरवावीत. हे काम सणावारी, घरातील वडीलधारी मंडळी जवळ असताना करावे. कारण नाव सांगणारा आवाज कोणत्याही यंत्रात आपोआप साठत नाही.

कौलांच्या फटीतला कवडसा सायंकाळी भिंतीवर चढतो आणि दिसेनासा होतो. छायाचित्र त्याला थांबवते; पाठीमागे लिहिलेल्या दोन ओळी त्याला अर्थ देतात. उत्तम कॅमेरा सर्वांनाच परवडेल असे नाही. पेन्सिल मात्र प्रत्येक घरात आहे.