माशांच्या पेटीतले पाणी फिरते ठेवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मी माशांवर बोलणार असे कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारले, “मसाला कोणता?” म्हणून आधीच सांगून टाकते, की हे मासे खाण्याचे नव्हेत, पाहण्याचे आहेत. 1951 साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी तेथून घरी येताच आईजवळ माशांसाठी हट्ट धरला असेल. हौस मुलांची असते. पण महिन्याभराने पेटीची निगा कोणाकडे येते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय महिला मंडळातला आहे, असे मी मानते.

आमच्या घरी नातवासाठी काचेची पेटी आणली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. म्हणजे सुमारे 50 लिटर पाण्याची. तीन गोल्डफिश, थोड्या पाणवनस्पती, मध्यभागी एक मोठा किल्ला आणि त्याच्यामागे लपवलेली हवेची नळी. हवेच्या पंपाची घरघर झोपमोड करी, म्हणून रात्री मी तो बंद करीत असे. मे महिना होता. सकाळी मासे वर येऊन तोंडे उघडीत. मला वाटे, भुकेले आहेत. म्हणून मी आणखी खाणे घाली. एके दिवशी पहाटे दोन मासे मेलेले दिसले. नातवाने विचारले, “आजी, पाणी तर काठोकाठ होते. मग ते गुदमरले कसे?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे ते शोधले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. हा वायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो. पाणी निश्चल असले, की वरचा थर तेवढा ताजा राहतो आणि खालचे पाणी शिळे होते. त्यात उन्हाळ्याची भर पडते. 20 अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपासच. शिवाय वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही तो घेतात. म्हणजे पहाटे पेटीतला प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माझा पंप बंद असे! वर येऊन तोंड उघडणारा मासा अन्न मागत नव्हता, श्वास मागत होता. जास्तीचे अन्न तळाशी कुजले आणि उरलासुरला प्राणवायूही त्यात खर्च झाला.

पुष्कळांची समजूत असते, की बुडबुड्यांतून हवा पाण्यात मिसळते, एवढ्याने काम झाले. बुडबुड्यांतून थोडा वायू विरघळतो हे खरे. पण त्यांचे मोठे काम निराळेच आहे. वर चढताना ते तळचे पाणी आपल्याबरोबर ओढून नेतात आणि पृष्ठभाग हलवतात. भाताला आधण आल्यावर खालचे दाणे वर येतात आणि वरचे खाली जातात, तसे पेटीतले पाणी सारखे फिरले पाहिजे. मात्र इतक्या जोराने नव्हे.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट, नळी मध्यभागी न ठेवता पेटीच्या एका टोकाला ठेवावी. पाणी तेथून वर येऊन लांबीच्या बाजूने दुसऱ्या टोकाला जाते आणि तळाने परत येते. किल्ले, शंख, मोठे दगड काचेला चिकटवून ठेवू नयेत; दोन बोटे जागा सोडावी. पाणी नीट फिरते की नाही हे पाहायचे असेल, तर माशांच्या खाण्याची बारीक पूड चिमूटभर टाकून पाहा. ती जेथे नुसती साचून राहते, तो कोपरा मेलेला समजावा आणि सामान हलवून तो मोकळा करावा.

दुसरी गोष्ट, त्याच पंपाला स्पंजाची गाळणी जोडावी. तिची किंमत फार नसते. माशांच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया हे विष पाण्यात येते. स्पंजावर वाढणारे उपयुक्त जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. त्यांनाही प्राणवायू आणि फिरते पाणी लागते. हा स्पंज नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जंतू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

तिसरी गोष्ट, पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. घरघर फार होत असेल, तर त्याच्याखाली फडक्याची जाड घडी ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला उलटझडप बसवा. नाही तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात येते. वीज बराच वेळ गेली, तर खाणे घालू नये. पेटीतलेच पाणी भांड्यात घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतावे, आणि असे थोड्या थोड्या वेळाने करीत राहावे.

मात्र प्रवाहाचा अतिरेकही नको. फायटर माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. तो वर येऊन बाहेरची हवाही घेतो, त्यामुळे त्याच्या पेटीत पाणी अगदी मंद फिरले तरी पुरते. उलट गोल्डफिश घाण फार करतो आणि मोठाही होतो. माझ्या पेटीत तीन होते, हीसुद्धा चूकच होती. मासे थोडे असावेत, आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी आधी क्लोरीन घालवून मगच ओतावे.

भगिनींनो, उरलेला तिसरा मासा वाचला. तो मोठा झाला, तेव्हा मोठी पेटी घेऊन त्याला तीत हलवला. नातवाला मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि चूक माझी होती हेही सांगितले. तेव्हापासून पहाटे उठल्यावर तो आधी पेटीकडे जातो, मासे वर आलेत का पाहतो आणि मगच दात घासायला जातो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनी उद्या सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी एवढे पाहावे, अशी माझी विनंती आहे.