परदेशातील शिक्षण : तीन दारे, तीन किल्ल्या
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या उन्हाळ्यात अकोट तालुक्यातील एक पालक मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हातात कॅनडातील एका कॉलेजचे प्रवेशपत्र होते. म्हणाले, "सर, तीन एकर वावर हाये. गहाण टाकतो. पण पोरगं तिकडं पक्कं होईल ना?" एजंटाने त्यांना तसा शब्द दिला होता.

आम्ही कागद नीट वाचले. कॉलेज खाजगी, अभ्यासक्रम मात्र एका सरकारी कॉलेजचा. अशा व्यवस्थेत 15 मे 2024 पासून दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतर कामाचा परवाना मिळत नाही, असा कॅनडा सरकारचा नियम आहे. वावर वाचले. मुलगा मात्र तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे दुःख मला समजते, म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

मित्रहो, शिक्षणाचा व्हिसा, कामाचा परवाना आणि कायमचे वास्तव्य ही तीन वेगळी दारे आहेत. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. आपल्या घरांतून आखातात गेलेल्यांना विचारा. तेथे नोकरी संपली की बहुधा वास्तव्यही संपते. पश्चिमेकडील देशांत कायमचे राहता येते, पण त्याच्या अटी निराळ्या.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. पदवीनंतर तेथे दोन वर्षे काम करता येते. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच. डी. सोडल्यास, दीडच वर्ष मिळेल. ही मुदत वाढत नाही आणि नोकरीच्या व्हिसावरून कायम वास्तव्य मागताना ती मोजलीही जात नाही. त्या मुदतीत योग्य पगाराची नोकरी देणारा मालक मिळाला, तरच पुढचा रस्ता.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी 11,904 युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. आपली नुसती बारावी तेथे बहुधा पुरत नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यास दीड वर्ष मिळते, आणि आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षे केल्यावर कायम वास्तव्य मागता येते. मात्र जर्मन भाषा यावी लागते.

पालकहो, पैशाचा आणि व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली. त्या भरवशावर राहू नका. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यालयात जाऊन आजच्या योजना स्वतः विचारा. आणि हिशेब असा मांडा, की मुलगा किंवा मुलगी दोन वर्षांनी परत आली तरी कर्ज फिटेल काय? उत्तर 'नाही' असेल तर वावराच्या कागदाला हात लावू नका.

परत येणे म्हणजे हार नव्हे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकले, बॅरिस्टर झाले, आणि परतून त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांत आपलीही किती मुले शिकली! पण जो तेथेच राहू इच्छितो त्यालाही मी दोष देत नाही. त्याने डोळे उघडे ठेवून जावे, इतकेच.

विद्यार्थी मित्रहो, प्रवेशपत्र आले की त्या देशाच्या सरकारचा नियम आधी स्वतः वाचा. इंग्रजी अडली तर आम्ही शिक्षक कशासाठी आहोत? एजंटाचा शब्द तोंडी असतो. कर्जाचा कागद लेखी असतो.

तो मुलगा आता अमरावतीत बी. एस्सी. करतो आहे. पहाटे उठून जर्मन शिकतो. परवा भेटला तेव्हा त्या भाषेत त्याने मला सलाम केला. मला काही कळले नाही, पण आनंद झाला.