तराजू आणि कुलूप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय दिला आहे सरकारी नियमांचा. राज्य सरकारने आपल्या नियमांत कोणती सुधारणा केली म्हणजे लोकांच्या घरात चार पैसे अधिक येतील, असा तो विषय. हे ऐकून आमच्या सूनबाई म्हणाल्या, "आई, बायकांच्या सभेत कायद्याचं काय काम?" मी म्हटले, "अगं, पऱ्हाटीला सीतादही घालून पहिला कापूस वेचायला बसतो कोण? आपणच ना? मग त्या कापसाचे पुढे काय होते, हे आपण विचारू नये काय?"

आपल्या गावाचे नाव इतिहासात आहे ते एका कराराने. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. मोठ्या माणसांनी कागदावर सह्या केल्या. येथल्या कास्तकाराला किंवा त्याच्या घरच्या बाईला कोणी काही विचारले असेल, असे वाटत नाही. नियम वर ठरायचा आणि त्याचा भार खाली पडायचा, ही रीत तेव्हापासून आजवर फारशी बदललेली नाही. म्हणून नियमांकडे आपण जरा डोळे उघडून पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

नियम दोन प्रकारचे असतात, अशी माझी समजूत आहे. एक तराजूचा आणि दुसरा कुलपाचा. तराजूचा नियम सांगतो की वजन खरे करा, भाव उघड बोला, पैसे वेळेवर द्या. कुलपाचा नियम सांगतो की याच दारातून जा, दुसऱ्या दाराला हात लावू नका. आपल्या वऱ्हाडाने हे दोन्ही पाहिले आहेत.

तराजूच्या नियमाचा आरंभ आपल्याच वऱ्हाडात झाला, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंजाला उभा राहिला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. या देशात बाजारावर झालेला तो पहिला कायदा. सरकारचा हेतू काही निव्वळ धर्माचा नव्हता. विलायतेतल्या गिरण्यांना स्वच्छ कापूस हवा होता. त्या बाजारांच्या समित्यांवर वजनही व्यापाऱ्यांचेच अधिक असे. तरीपण बाजाराला काही शिस्त असावी, ही गोष्ट तेथून मान्य झाली.

पुढे स्वराज्यात, १९६३ साली, महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा आणि मालाच्या मालकालाच तो कळू द्यायचा नाही, असला हत्त्याचा व्यवहार पूर्वी चालत असे. वजनात कडता, पैशात धर्मादाय, अशी कापाकापी निराळीच. उघड लिलावाचा नियम झाला म्हणून या गोष्टींना आळा बसला. सरकारने बाजारात लक्षच घालू नये, असे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगत असते.

आता कुलपाची गोष्ट. १९७१ साली कापसाचा कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यावा, खाजगी व्यापाऱ्याने घेऊ नये. हेतू चांगला होता, हे मी मोकळेपणाने सांगते. व्यापाऱ्याने हंगामात भाव पाडायचा आणि कर्जापायी कास्तकाराने तो निमूटपणे घ्यायचा, हे थांबवायचे होते. ठरलेला भाव मिळेल, नफा झाला तर बोनसही मिळेल, असे सांगितले होते. काही वर्षी तो मिळालाही. ज्या घरात बोनस आला त्या घरच्या बाईने त्यातून लेकीला लुगडे घेतले असेल, तर ती त्या योजनेला कशाला नावे ठेवील?

परंतु दार एकच उरले, आणि एकाच दारापुढे रांग लागते. केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत. आमच्या घरची गाडी एकदा तीन रात्री रांगेत उभी होती. भाकरी बांधून पाठवायची, बैलांचा कडबा पाठवायचा आणि उद्या तरी काटा होईल म्हणून वाट पाहायची. काटा झाला की ग्रेडरचा शब्द शेवटचा. प्रत ठरली की ठरली. दुसऱ्या कोणाकडे जायची सोयच नव्हती. मग चुकारा. त्यातून आधी कर्ज वळते होई, भांडवलाच्या निधीसाठी कपात होई, आणि उरलेले पैसे पुष्कळदा उशिराने हाती पडत. भगिनींनो, चुकारा अडला की सर्वांत शेवटी कोणाचे पैसे अडतात? वेचणी करणाऱ्या बाईचे. तिने ओटीत कापूस वेचला दिवाळीत, आणि मजुरी मागायला ती होळीपर्यंत दारात येत राहिली. मी त्या वेळी दारात उभी राहून तिला "उद्या ये" म्हटले आहे. ते आठवले की अजून मान खाली जाते.

शिवाय आपल्याला मध्यप्रदेशची हद्द फार लांब नाही. पलीकडे भाव चढला की कापूस रात्री चोरून पलीकडे जाई आणि पलीकडे पडला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रावर येई. म्हणजे चांगला भाव असताना योजनेच्या हाती माल नाही, आणि पडत्या भावात माल मावत नाही. असा धंदा तोट्यातच जाणार. तोटा हजारो कोटी रुपयांवर गेला. अखेर २००२ साली खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. प्रामाणिक कास्तकाराला आपलाच माल चोरासारखा न्यायला लावणारा नियम टिकत नसतो, हा त्याचा धडा.

कुलूप निघाले म्हणून सारे सुखाचे झाले काय? तसे म्हटले तर मी तुमची फसवणूक करीन. रोख पैसा लवकर मिळू लागला, चार गिऱ्हाइके झाली, हे खरे. परंतु त्यानंतरच्याच वर्षांत या भागात कास्तकारांच्या आत्महत्यांनी घरेच्या घरे उजाड झाली. २००६ साली पंतप्रधानांना अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावे लागले. पाऊस, कर्ज, बियाण्याचा खर्च, जगाच्या बाजारातला भाव ही कारणे एका कायद्याने जाणारी नव्हती. आणि दारात येऊन होणाऱ्या खेडा खरेदीत काटा कोण तपासतो? कुलूप काढताना तराजूही सैल झाला, ही आपली चूक.

नियम मुळीच नसला तर काय होते, तेही आपल्याकडेच दिसते. आपल्या पानमळ्यांतली पानपिंपरी घ्या. औषधात जाणारे हे पीक. त्याला हमीभाव नाही. घेणारे मोजके, आणि ते सांगतील तो भाव. पिंपरी तोडून, वाळवून, निवडून देणाऱ्या हातांत बायकांचे हात किती असतात, हे तुम्हाला मी काय सांगावे?

तेव्हा मागायचे ते नेमके मागावे. पहिले म्हणजे, कापूस कोठेही विका, वजनाची आणि ओलाव्याची छापील चिठ्ठी हातात मिळालीच पाहिजे. सरकारी हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. तो मोजताना आकडा आपल्यालाही दिसला पाहिजे. दुसरे, चुकाऱ्याला मुदत आणि मुदत टळली तर व्याज. तिसरे, पानपिंपरीचा उघड लिलाव बाजार समितीच्या आवारात व्हावा. चौथे, नोंदणीची कटकट कमी व्हावी. २०२५ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस द्यायचा तर मोबाईलवर आधी नोंदणी करावी लागते आणि सातबारा लागतो. तो नियम केंद्राचा आहे. पण सातबारा राज्याचा आहे. ज्या विधवेच्या नावावर अजून शेत चढलेले नाही, तिच्यासाठी हे नवे कुलूपच झाले.

यातली एक किल्ली आपल्या हातात आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि १९९२ साली सरकारने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. नवऱ्याने अर्ज द्यायचा असतो, म्हणून तो गोडीने द्यायला लावणे आपले काम. तसेच २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. ज्या सेवा त्यात जाहीर झाल्या आहेत त्या ठरलेल्या दिवसांत द्याव्या लागतात, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. कोणी "उद्या या" म्हटले तर, "तारीख लिहून द्या, साहेब," एवढे म्हणायला शिका.

शेवटी एक सूचना करते. भजन, हळदीकुंकू, शिवणवर्ग हे सारे मंडळात चालते, चालावेच. यंदाच्या हंगामात मंडळातल्या चौघींनी आठवड्यातून एक दिवस काट्याशी जाऊन उभे राहावे. भांडायला नको. नुसते वजन वहीत लिहून घ्यावे. बायका पाहत आहेत म्हटले की काटाही जरा सरळ बोलतो. पुढच्या वर्धापनदिनी ती वही येथे वाचून दाखवू, आणि तिच्यावरून काय मागायचे ते ठरवून आपल्या सह्यांनी सरकारला कळवू.