मृत्यूच्या आकड्यांतील अंश आणि छेद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



२०२०-२१ च्या करोनाच्या साथीत आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांचे आधार गेले. त्या दिवसांत घरोघर एकच प्रश्न असे, "शेकडा किती दगावतात?" आकडा मोठा ऐकला की तापाचा रोगी घरातच लपवून ठेवावयाचा, आणि लहान ऐकला की लग्नाच्या पंगती उठवावयाच्या, असे दोन्ही प्रकार आम्ही पाहिले. म्हणून या आकड्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. आमचे आयुष्य मुलांना अपूर्णांक शिकविण्यात गेले. वैद्यकातील अधिकार आम्हांस नाही.

मृत्यूचे प्रमाण हा एक अपूर्णांकच होय. वर मृतांची संख्या, खाली रोग्यांची. अंशाकडे सर्वांचे डोळे लागतात, छेद कोणी विचारीत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईत माटुंगा, चेंबूर व दहिसर या बाजूच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडवस्तीत शेकडा ५७ व इतर वस्तीत शेकडा १६ लोकांच्या रक्तात रोग होऊन गेल्याची खूण सापडली. नोंदलेल्या रोग्यांवरून शहरातील मृत्यूचे प्रमाण तेव्हा शेकडा ५ च्या वर निघत होते. रक्तावरून काढलेला छेद खाली मांडताच ते हजारी १ किंवा त्याहूनही कमी भरले. रोग तोच, शहर तेच. पालटला तो छेद.

हजारी १ ऐकून कोणी निर्धास्त होऊ लागले, तर त्यांनी गुणाकार करून पाहावा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लक्ष. एवढ्या सर्वांना रोग झाला तर हजारी १ म्हणजे १२,४०० प्रेते होतात! शिवाय या सरासरीत नातू आणि आजोबा एकाच मापाने मोजलेले असतात. वास्तविक वयाबरोबर या रोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

छेदात आणखी एक खोच आहे. जो रोगी अद्याप अंथरुणावर आहे तो छेदात आला, परंतु त्याचे पुढे काय होणार हे ठरलेले नाही. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा आरंभी मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या आसपास सांगत. साथ ओसरल्यावर हिशेब लागला तो ८,०९६ रोगी व ७७४ मृत्यू, म्हणजे शेकडा साडेनवाहून अधिक. निम्म्या मुलांचे पेपर तपासावयाचे असताना नापासांची टक्केवारी काढावी, तसा तो आरंभीचा आकडा होता.

आता अंशाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये असा अंदाज दिला की २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लक्ष मृत्यू अधिक झाले. सरकारी नोंदीत करोनाचे मृत्यू सुमारे ४ लक्ष ८१ हजार होते. भारत सरकारने ही अंदाजाची रीत अमान्य केली. त्या वादात आम्ही पडत नाही. या अधिक मृत्यूंत इतर आजारांवर उपचार न मिळालेलेही आहेत, हेही खरे. तथापि चाचणीवाचून घरीच गेलेला माणूस अंशात येत नाही, एवढे तर उघड आहे.

आणि ज्यांच्या घरचा माणूस असा नोंदीबाहेर राहिला, त्यांना त्याचा अर्थ ऑक्टोबर २०२१ मध्ये कळला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मृतांच्या वारसांस ५० हजार रुपये मिळावयाचे ठरले. चाचणीत रोग आढळल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, करोनाचा धरावा. दाखल्यावर रोगाचे नाव नाही एवढ्याच कारणाने साहाय्य नाकारू नये, असेही न्यायालयाने बजावले. पण ज्याची चाचणीच झाली नव्हती, त्याच्या विधवेने कोणता कागद दाखवावा?

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दिवंगतांची यादी छापतात. तीत केवळ नावे असतात. नावापुढे वय, तिथी, आणि घरच्यांनी सांगितलेले आजारपण लिहावे, अशी आमची सूचना आहे. त्या दोन वर्षांपासून आरंभ करू. कोरे तक्ते आम्ही स्वहस्ते आखून चिटणिसांच्या मेजावर ठेवले आहेत; भोजनास जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकेक घ्यावा.