पाणी आलं



मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून संगणकावर बोलेन असं वाटलं असेल. पण समोर आपल्या मराठीच्या बाई बसल्या आहेत, तेव्हा मी पूर्णविरामावर बोलणार आहे.

आठवतं का, पाचवीत बाईंनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते, "पाणी आलं". पुढे चिन्ह नाही. मग विचारलं, "हे कोण म्हणतंय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "शेजारीण विचारायलीय." बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं. दुसरी म्हणाली, "आई ओरडायलीय, घागरी घ्या म्हणून." उद्गारचिन्ह. तिसऱ्याचे बाबा नुसतं सांगत होते, त्यांना पूर्णविराम मिळाला. प्रश्नार्थी, उद्गारार्थी, विधानार्थी ही नावं नंतर आली. लातूरच्या पोरांना आधी आवाज ऐकू आले.

आता माझ्या मुलीच्या वहीत उलटं दिसतं. "काय" दिसलं की प्रश्नचिन्ह. "काय पाऊस पडला!" यालाही तेच, अन् "तो कधी येणार ते मला माहीत नाही" यालाही तेच. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही, बोलताना "का"सुद्धा आपण गाळतो. सगळा भार आवाजावर. कागदावर तो भार त्या एका चिन्हावर येतो.

तो किती असतो ते मला १९९८ साली कळलं. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणितात नापास झाले. होस्टेलवर अण्णांचं पोस्टकार्ड आलं : "निकाल कळला शिक्षण थांबवायचे घरी यायचे". एवढंच. मी दोन दिवस मेसमध्ये गेले नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंक भरली आणि लातूरची एसटी धरली. दारात ट्रंक बघून अण्णा गोंधळले. "अगं, मी तर विचारलं होतं!"

दुसऱ्या दिवशी तेच मला नांदेडच्या गाडीत बसवायला आले. ट्रंक त्यांनीच उचलली.

अण्णा अडत दुकानात मुनीम होते. मोडीत लिहिणाऱ्या जुन्या मुनिमांच्या हाताखाली शिकलेले. मोडीत वाक्य संपल्याची खूण नसायची, शब्दही सलग चालायचे. आजची विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी, १८५० च्या सुमारास. अण्णांच्या चोपड्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. हिशेबात मात्र त्यांची पैची चूक नसायची, हेही सांगते.

पुढे प्रोग्रॅममध्ये अर्धविराम राहिला की संगणक तिथल्या तिथे अडायचा. पोस्टकार्ड अडत नाही. मोबाइलही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या दिवसांत आईचा मेसेज आला, "पाणी आलं". मी पुण्यात. टीव्हीवर बघून मला विचारतेय की नळाला आलं म्हणून सांगतेय? फोनच करावा लागला. विचारतच होती.

अण्णा आता नाहीत. मागच्या महिन्यात ते कार्ड मुलीपुढे ठेवलं, पेन्सिल दिली आणि म्हटलं, चिन्हं घाल. तिने पहिल्या दोन शब्दांपुढे पूर्णविराम दिला आणि थांबली.

"आजोबा कसे बोलायचे तसं वाचून दाखव ना."

मी वाचलं. तिने दोन प्रश्नचिन्हं काढली.