बूडही पाहावे

(बंगळूर येथे गणेशोत्सवातील हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर, म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे. गावाकडून पाहुणे आले की तिथला लाखेचा करंडा आपण हौसेने भेट देतो. घेताना रंग पाहतो, झाकण लावून बघतो. तो उलटा मात्र सहसा कोणी करत नाही.

तिथे काळ्या कुड्याचे लाकूड लेथवर कातले जाते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला बसते. पण वस्तूचे एक टोक लेथमध्ये पकडलेले असते. शेवटी तिथून ती तोडून घेतात आणि तेवढी बाजू, म्हणजे बूड, कोरी राहू शकते. तिथे लाकडाच्या धाग्यांची टोके उघडी असल्याने ओल तिथूनच जास्त आत-बाहेर होते. तडाही तिथून जाऊ शकतो.

आपले काही सहकारी सुट्टीच्या दिवशी लेथवर वाडगे कातू लागले आहेत. त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. चकमध्ये पकडण्यासाठी तळाशी ठेवलेला खुंट आतले काम संपल्यावर काढायचा असतो. आधी बुडाची जाडी मोजा, नाहीतर भोक पडेल. मग टाकाऊ लाकडाची चकती वाडग्याच्या तोंडात घट्ट बसेल अशी कातून त्यावर वाडगा उपडा बसवा, टेलस्टॉकचा आधार द्या आणि वेग कमी ठेवा. शेवटचा बोटभर खुंट लेथ थांबवून पटाशीने काढा.

बूड मध्ये किंचित खोलगट ठेवा. लाकूड हवेप्रमाणे फुगते, आकसते; सपाट बूड मध्ये जरा वर आले की वाडगा डुगडुगतो. खोलगट बूड कडेवर नीट टेकते. मग पॉलिशपेपर मारून, वरून लावले तेवढेच तेल किंवा लाख बुडालाही लावा. दोन्ही बाजूंनी ओल सारखी घेतली तर भांडे कमी वाकते.

या कामाला वेळ लागतो, आणि घासाघीस करणारे गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. मग कारागिराने ते का करावे? म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी करंडा उलटा करून पाहा. बूड नीट केलेले दिसले, तर सांगितलेली किंमत द्या आणि का दिली तेही त्या कारागिराला सांगा.